निद्रानाश आणि सदसद्विवेकबुद्धि

महाभारताच्या उद्योगपर्वांत प्रजागर नांवाचें एक उपपर्व आहे. पांडवांकडे शिष्टाईस गेलेला संजय परत आला आहे. धृतराष्ट्रास चार कठोर शब्द ऐकवून तो आपल्या घरीं निजावयास निघून गेला आहे. आणि युधिष्ठिराचा निरोप काय, तें दुसरे दिवशीं भरसभेंत कळावयाचें आहे. त्या रात्रीं अंध राजाच्या डोळ्याला डोळा लागत नाहीं. तो द्वारपाळाकडून विदुरास बोलावून आणवितो व आपली तळमळ त्यास सांगतो. विदुर त्यास औषध सांगत नाहीं, कीं स्वस्थ पडून राहा असेंहि म्हणत नाहीं. तो म्हणतो कीं, बलवंताशीं वैर पडलेला दुर्बळ, सर्वस्व गमावून बसलेला, कामानें पछाडलेला आणि चोर, इतक्यांस झोंप येत नसते. राजा, यांपैकीं तुझें कोणतें? परक्याच्या धनाचा लोभ तर तुला जाळीत नाहीं ना? पुढें जो उपदेश झाला तो विदुरनीति या नांवानें आपल्याकडे आवडीनें वाचला जातो. परंतु त्याचा आरंभ झोंप येत नाहीं या एका तक्रारींत झाला, ही गोष्ट वाचणारांच्या सहसा ध्यानांत राहत नाहीं.

आमच्या ध्यानांत ती राहिली. कारण तीन वर्षें आम्हांसहि झोंप येत नव्हती, आणि विदुराचा प्रश्न आम्हांस नेमका लागू पडत होता.

तेव्हां प्रश्न असा कीं, झोंप न येणें हा रोग समजावा कीं निवाडा समजावा? आणि तो निवाडा असेल, तर पंचविशींतल्या मुलामुलींस तो फिरविण्याची विद्या शिकवावी हें योग्य आहे काय? हा प्रश्न आम्हीं केवळ तर्कासाठीं काढलेला नाहीं. अशी विद्या आज खरोखरीच शिकविली जाते, आणि ती शिकणारांपैकीं एक आमच्याच माडीवर राहतो.

आमचें घर शहागंजांत आहे. २०२३ सालापर्यंत सरकारदफ्तरीं ज्यास औरंगाबाद म्हणत तें छत्रपति संभाजीनगर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस निजामी अमदानींतला तो घड्याळाचा मनोरा, चमन, जुनी मशीद आणि भोंवतालचा अखंड बाजार यांची ओळख करून द्यावयास नको. मनोऱ्यावरचें घड्याळ मध्यंतरीं पुष्कळ वर्षें बंद होतें. अलीकडे त्याची डागडुजी झाली. माडीवरची एक खोली आम्ही विद्यार्थ्यांस भाड्यानें देतों. सध्यां तेथें जो तरुण राहतो, तो मानसशास्त्राची वरची पदवी घेऊन एका रुग्णालयांत उमेदवारी करीत आहे. त्याच्या भाषेंत तो इंटर्न आहे. आमच्या वडिलांच्या काळीं अशास उमेदवारच म्हणत, व तो शब्द आम्हांस अजून अधिक बरा वाटतो. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्यानें चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाच्या शिक्षणास व नोंदणीस एक चौकट मिळाली. त्या चौकटींतून बाहेर पडण्यापूर्वीं देखरेखीखालीं रुग्ण पाहणें हें आलेंच. प्रौढ माणसांचे झोंपेचे विकार कसे ओळखावे व औषधावांचून कसे हाताळावे, हा त्याच्या या उमेदवारीचा एक भाग आहे. गोळी लिहिण्याचा अधिकार मानसशास्त्रज्ञास नाहीं, तो डॉक्टरांचा. त्याच्या हातीं राहतात तीं प्रश्न व वही हीं दोनच साधनें.

एके रात्रीं दोन वाजण्याच्या सुमारास जिन्यावर त्याची आमची गांठ पडली. तो अभ्यास संपवून पाणी भरावयास उतरला होता, आम्ही कुशी बदलून कंटाळून बाहेर आलों होतों. आम्हीं त्यास बऱ्याच गंभीर स्वरांत सांगितलें कीं, ज्याच्या मनावर ओझें असतें त्यास झोंप कोठून येणार? त्यानें क्षणभर विचार केला आणि विचारलें, “काका, तुम्ही किती वाजतां अंथरुणावर पडतां?”

खरें सांगावयाचें तर आम्हांस राग आला. आम्हीं अंतःकरण उघडावें आणि ऐकणारानें घड्याळ काढावें, असें तें वाटलें. पुढें आम्ही कांहीं बोलणार तों तो नम्रपणें म्हणाला, “मी तुमच्या घरांत राहतों, तुम्हांला भाडें देतों, तुमच्यावर उपचार करणें मला चालणार नाहीं. रुग्णालयांत या. तेथें दुसरें कोणी पाहील.” आपल्या ओळखीच्या, देण्याघेण्याचा संबंध असलेल्या माणसाचा उपचार करूं नये, हा धडा त्यास पहिल्याच महिन्यांत दिलेला होता. मदतीची हांव आवरणें हें जर या विद्येचें पहिलें पाऊल असेल, तर तें आम्हीं जिन्यावर उभें राहून पाहिलें असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां तें ओझें काय होतें, हें वाचकांपासून लपवून पुढें जाणें बरें नव्हे. गोष्ट साधी आहे व पुष्कळ घरांत घडलेली आहे. २००५ च्या दुरुस्तीनें हिंदु वारसा कायद्यांत मुलीस वडिलार्जित मिळकतींत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला. वडील वारल्यावर वर्षभरानें आम्हीं धाकट्या बहिणीस माहेरपणास बोलाविलें, पुरणपोळीचें जेवण घातलें, आणि दुसरे दिवशीं दुय्यम निबंधकाच्या कचेरींत नेऊन हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. जबरदस्ती कोणीं केली नाहीं. “दादा, कोठें सही करूं?” एवढेंच ती म्हणाली. साडीचोळी आम्हीं चांगली केली होती. त्यानंतर महिना दीड महिन्यानें आमची झोंप गेली.

आणि तीहि कबुली देऊन टाकतों: त्या जागरणाचा आम्हांस हळूहळू एक प्रकारचा अभिमान वाटूं लागला होता. आमच्या ओळखींत बहिणीकडून अशा सह्या घेतलेले गृहस्थ थोडे नाहींत. ते रात्रीं दहाला निजून सकाळीं सहाला उठतात. आपली निदान झोंप तरी उडाली आहे, आपण त्यांच्याइतके कोडगे नाहीं, असें समाधान रात्रीं तीन वाजतां आम्ही स्वतःस देत असूं. पाप्याला झोंप येत नाहीं असें आपण म्हणतों. त्याचा उलटा अर्थ, ज्याला झोंप येत नाहीं तो अगदींच पापी नसावा, असा आम्हीं लाविला होता.

रुग्णालयांत आमच्यासमोर येऊन बसली ती चोविशीच्या आंतबाहेरची एक मुलगी. तिचें पहिलें वाक्य असें: मी अजून शिकत आहे, माझ्यावर एका अनुभवी मानसशास्त्रज्ञ बाईंची देखरेख आहे, आपली संमति असेल तर आपलें बोलणें ध्वनिमुद्रित करून मी त्यांना ऐकवीन, आपली हरकत असेल तर आपण मोकळेपणीं सांगावें. आम्हीं संमति दिली, पण मनांत विचार आलाच कीं, दुसऱ्याच्या दुःखावर हात बसवून घेण्याचा अधिकार माणसास कोठून मिळतो? वैद्य असो, वकील असो, शिक्षक असो, प्रत्येकाचे पहिले कांहीं दिवस कोणाच्या तरी खर्चानें पार पडतात. आणि तो कोणी बहुधा गरीब असतो, कारण पैसेवाला थेट वडीलधाऱ्या तज्ज्ञाकडे जातो. या अडचणीस पुरतें उत्तर आम्हांस ठाऊक नाहीं. परंतु ज्यानें आपण शिकाऊ आहों हें आधीं सांगितलें, ज्याचा प्रत्येक शब्द मागाहून कोणी जाणता ऐकणार आहे, त्याच्या हातीं आपली रात्र देणें हें आपली सर्वज्ञता गृहीत धरून बसलेल्या एकाद्या प्रौढाच्या हातीं ती देण्याइतकें धोक्याचें नाहीं, असें पुढें अनुभवास आलें.

ती पहिली भेट सव्वा तासाची झाली, आणि तींत आमच्या पापपुण्याची चौकशी निघालीच नाहीं. किती वाजतां पडतां, किती वेळानें डोळा लागतो, कितीदां जाग येते, शेवटीं केव्हां उठतां, दुपारीं पडतां काय, चहा किती व कितीपर्यंत, कोणतीं औषधें चालू आहेत. सौभाग्यवतींनाहि आंत बोलाविलें व विचारलें: हे मोठ्यानें घोरतात काय? घोरतां घोरतां श्वास थांबून मग धापेसारखा सुटतो काय? संध्याकाळीं पाय वळवळतात, ते हलविल्याशिवाय चैन पडत नाहीं, असें होतें काय? पूर्वीं कधीं फार थोड्या झोंपेवर अतिशय उत्साह, खर्च, बडबड असे दिवस आले होते काय? फेफरें? आणि मग त्याच शांत आवाजांत आम्हांस: जगणें नकोसें वाटतें, जीव द्यावासा वाटतो, असें कधीं मनांत येतें काय?

इतका सरळ प्रश्न उभ्या आयुष्यांत आम्हांस कोणीं विचारला नव्हता. आमच्या भाडेकरूनें मागाहून सांगितलें कीं, उमेदवारांस सर्वांत अवघड जाणारा प्रश्न हाच असतो. आपण विचारल्यानें नसलेला विचार डोक्यांत शिरेल अशी त्यांस भीति वाटते, आणि ती भीति निराधार आहे हें शिकविण्यांत पुष्कळ वेळ जातो. दीर्घ निद्रानाश व आत्महत्येचा धोका यांचा संबंध अनेक अभ्यासांतून दिसून आलेला आहे. तेव्हां भिडेनें न विचारणें हाच खरा अपराध. बाकीच्या प्रश्नांचेंहि असेंच. ज्याचा श्वास झोंपेंत अडकतो त्याचा विकार निराळा; त्याची तपासणी निराळी; त्यास लागणारें हवेच्या दाबाचें यंत्र कॉलिन सलिवन या डॉक्टरानें ऑस्ट्रेलियांत १९८१ सालीं पुढें आणलें, तें मानसशास्त्रज्ञाच्या वहींतून मिळावयाचें नाहीं. ज्यास उन्मादाचे झटके येतात किंवा फेफरें येतें, त्याची झोंप कमी करणारा उपाय त्यास घातक होऊं शकतो. म्हणजे या विद्येचा आरंभ, कोणास आपण हात लावूं नये व डॉक्टरांकडे पाठवावें, हें ओळखण्यापासून होतो. अमुक माझें काम नव्हे असें म्हणतां येणें हें ज्ञानाचें लक्षण आहे. आमच्या व्यवसायांत तें शिकावयास आम्हांस तीस वर्षें लागलीं.

दोन आठवडे आम्हीं झोंपेची वही ठेवली. तशीच वही प्रत्येक उमेदवारासहि स्वतःची म्हणून ठेवावी लागते. एकमेकांसमोर बसून, एकानें रुग्ण होऊन, दुसऱ्यानें प्रश्न विचारून ते सराव करतात तो वेगळाच. आमच्या भाडेकरूच्या वहींत सरासरी पांच तास झोंप निघाली. तो हंसून म्हणाला, “मला निद्रानाश नाहीं काका, मला सवड नाहीं.” झोंप न येणें आणि झोंपूं न मिळणें या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा भेद त्यास त्याच्या वहीनें शिकविला. हा भेद लहान वाटतो, पण पुढें तोच आम्हांस फार अडवणार होता.

आमच्या वहीचा हिशेब असा निघाला: रात्रीं नऊला पडून सकाळीं साडेसहाला उठणें, म्हणजे अंथरुणांत साडेनऊ तास, प्रत्यक्ष झोंप साडेपांच तास, म्हणजे शेंकडा ५८. त्या मुलीनें कागदावर तीन रकाने आंखले. अमेरिकेंतील आर्थर स्पीलमन यानें १९८७ सालीं निद्रानाशाच्या कारणांची जी वांटणी केली ती ती होती. कांहीं कारणें मूळ स्वभावांतलीं, कांहीं निमित्ताचीं, आणि कांहीं विकार टिकवून धरणारीं. घरांत मृत्यु झाला, नोकरी गेली, बहिणीची सही घेतली, हें निमित्त. निमित्त जुनें होतें. पण झोंप भरून काढावी म्हणून माणूस लवकर पडूं लागतो, उशिरां उठूं लागतो, दुपारीं लवंडतो, रात्रीं घड्याळ पाहतो, आणि पडून पडून विचार करतो. यामुळें अंथरूण म्हणजे जागण्याची जागा अशी शरीराची समजूत होऊन बसते. निमित्त निघून गेल्यावरहि ही समजूत रोग चालू ठेवते.

उपायहि त्याच अनुरोधानें. रिचर्ड बूट्झिन यानें १९७२ सालीं सांगितलेले नियम अगदीं घरगुती वाटावे असे आहेत: झोंप आल्यावांचून अंथरुणावर जाऊं नये, झोंप लागत नसेल तर उठून दुसरीकडे बसावें व झोंप येईल तेव्हां परतावें, अंथरुणांत झोंपेवांचून दुसरे उद्योग करूं नयेत, सकाळीं उठण्याची वेळ एकच ठेवावी, दिवसां झोंपूं नये. आम्हीं विचारलें, आमच्या शहागंजांत दोन खोल्यांत सात माणसें राहणारीं बिऱ्हाडें आहेत. त्यांनीं उठून कोणत्या खोलींत जावें? ती मुलगी गोंधळली, आणि म्हणाली, “मला आत्तां सांगतां येत नाहीं. विचारून सांगतें.” पुढच्या भेटींत तिनें उत्तर आणलें: अंथरुणाबाहेर, भिंतीला टेकून घातलेली एक चटई पुरे, खोली बदलण्यापेक्षां अंथरूण सोडण्याला महत्त्व आहे. तेव्हां आम्हांस आमच्या आजीची आठवण झाली. उजाडल्याबरोबर ती सर्वांचीं अंथरुणें गुंडाळून वळकट्या कोपऱ्यांत रचीत असे, आणि रात्रीं जेवणें होईपर्यंत त्या कोणास उलगडूं देत नसे. दिवसां अंथरूण डोळ्यांस दिसूंच नये, हा तिचा नियम घरांत पलंग येतांच मोडला. आतां पलंगावर जेवण होतें, हिशेब होतात, आणि हातांतला फोन तर तेथेंच विसावलेला असतो.

दुसरा उपाय मात्र ऐकून आम्ही उडालोंच. साडेपांच तास झोंप येते ना? मग साडेपांच तासच अंथरुणावर जावयाचें: रात्रीं बारा ते पहाटे साडेपांच. पांच तासांच्या खालीं सहसा कोणास नेत नाहींत. झोंपेचें प्रमाण शेंकडा ८५ च्या वर गेलें कीं दर आठवड्यास पंधरा वीस मिनिटें वाढवून द्यावयाचीं. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलों. येथें झोंप पाहून अंथरूण पसरावयाचें. याचें शास्त्रहि तिनें सांगितलें: जागें राहण्यानें झोंपेची भूक सांचत जाते, आणि शरीरांतलें दिवसरात्रीचें घड्याळ आपल्या वेळेनें चालतें, या दोहोंचा मेळ म्हणजे झोंप, असें अलेक्झांडर बोर्बेली यानें १९८२ सालीं मांडलें. आम्ही नऊला पडून ती भूक थोडी थोडी चाखून मारीत होतों. या व अशा उपायांस मिळून निद्रानाशावरील कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी म्हणतात, आणि जुनाट निद्रानाश असलेल्या सर्व प्रौढांस गोळ्यांच्या आधीं तीच द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सनें २०१६ सालीं केलेली आहे.

पहिले दोन आठवडे हालाचे गेले. दिवसां डोळे मिटत, कचेरींत जांभयांनीं लाज आणली. स्कूटर चालवूं नका अशी ताकीद असल्यामुळें आम्ही रिक्षानें जात असूं. आम्ही त्या मुलीशीं चिडून बोललों. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलें दिसलें. “आज लवकर पडलें तर चालेल” हे शब्द तिच्या ओठांवर आले होते, हें आम्ही शपथेवर सांगूं. ते तिनें उच्चारले नाहींत. “त्रास होणार हें मीं सांगितलें होतें, होत आहे हेंहि खरें, या आठवड्यांत बारालाच पडावें,” असें ती म्हणाली. दया येणें सोपें. दया आली असतां ती चुकीच्या जागीं खर्च न करणें कठीण. ध्वनिमुद्रण ऐकून त्या वडीलधाऱ्या बाई उमेदवारांस जे दोष दाखवितात, त्यांत ‘होईल हो सगळें ठीक’ हें घाईचें सांत्वन अग्रभागीं असतें, असें आम्हांस मागाहून कळलें. वाचकहो, आपण आजाऱ्याच्या उशाशीं बसून दुसरें काय बोलतों?

बारापर्यंत जागावयाचें म्हणून आम्ही सज्जांत बसूं लागलों. अकराच्या पुढें शहागंजचा बाजार विरूं लागतो. हातगाड्यांवरचे दिवे एकेक करून जातात. टाकलेल्या भाजीपाल्यावर गाई येतात. चहाचा एकादा गाडा व दोन चार रिक्षावाले उरतात. रमजानच्या रात्रीं मात्र सहेरीपर्यंत तेथें जाग असते. श्रद्धेनें किंवा हौसेनें जागणारीं माणसें, मग तीं सहेरीचीं असोत कीं कोजागरीचीं, सकाळीं आमच्यासारखीं करपलेलीं दिसत नाहींत. जागणें हेंच वाईट असतें तर तीं आजारी पडलीं असतीं. आम्ही तीन वर्षें जागलों तें कशासाठीं, हा प्रश्न तेथें बसून प्रथमच नीट सुचला.

आणि तेव्हां विदुरनीतीचा शेवट आठवला. सर्व उपदेश ऐकून धृतराष्ट्र म्हणतो कीं, तूं म्हणतोस तें मला पटतें, पांडवांविषयीं माझी बुद्धि तशीच होते. पण दुर्योधनाची भेट झाली कीं ती पुन्हां फिरते. म्हणजे तो राजा रात्रभर जागला, उत्तमांत उत्तम वचनें त्यानें ऐकलीं, आणि पांडवांस पांच गांवेंहि मिळालीं नाहींत! त्याच्या जागरणानें कोणाचें भलें झालें? आमच्या तीन वर्षांच्या जागरणांतून बहिणीस एक पैहि पोंचली नव्हती. सदसद्विवेकबुद्धि जागी आहे असें समजून आम्ही जिचें कौतुक करीत होतों, ती फार तर तिची सांवली होती. रात्रीं तीनला माणूस पश्चात्ताप करूं शकतो, परंतु दुय्यम निबंधकाची कचेरी त्या वेळीं बंद असते.

याच महाभारतांत दुसरी एक निद्रानाशाची रात्र आहे. दुर्योधन पडल्यावर अश्वत्थामा, कृप व कृतवर्मा रानांत एका वडाखालीं येतात. ते दोघे निजतात. अश्वत्थाम्यास संतापानें झोंप येत नाहीं, आणि निजलेल्या कावळ्यांस मारणारें घुबड पाहून निजलेल्या शत्रूंस मारण्याची युक्ति त्यास सुचते. तो मामास उठवितो. कृपाचार्य त्यास सांगतात कीं, आजची रात्र झोंप घे, सकाळीं ताज्या मनानें लढूं. अश्वत्थामा उत्तर देतो कीं, दुःखानें व्याकुळ, संतापलेला, धनाच्या विवंचनेंत पडलेला आणि कामातुर, यांस झोंप कोठली? विदुराच्या यादीची ही जणूं दुसरी आवृत्ति. विदुरानें ती प्रश्न म्हणून विचारली होती, अश्वत्थाम्यानें ती ढाल म्हणून पुढें केली. तो त्या रात्रीं झोंपला असता तर सौप्तिकपर्वांतलें तें हत्याकांड कदाचित् घडलें नसतें. कृपाचार्यांनीं त्याच्या रागाचा न्याय-अन्याय आधीं ठरवावयास घेतला नाहीं. आधीं नीज म्हटलें. चरकानें आहार, निद्रा व ब्रह्मचर्य हे देहाचे तीन उपस्तंभ सांगितले. खांब हा घराचा हक्क असतो, घरधन्याच्या सदाचाराचें बक्षीस नव्हे. हाड मोडलेला चोर आला तर डॉक्टर हाड बसवितो. झोंप मोडलेला भाऊ आला तर त्या मुलीनें झोंप बसवावी, यांत तिचा अधर्म आम्हांस दिसत नाहीं.

येथवर आमचें समाधान झालें होतें. पण रुग्णालयाच्या बांकावर तें पुन्हां ढळलें. आमच्या शेजारीं वाळूजच्या औद्योगिक वसाहतींत काम करणारा एक तरुण बसत असे. त्याची पाळी आठवड्याआठवड्यानें बदले; रात्रपाळीच्या आठवड्यांत पत्र्याच्या खोलींत भर दुपारीं झोंपावयाचें. त्यास खिडकीला जाड पडदा लावा, घरीं परततांना काळा चष्मा घाला, झोंपण्याचे तास ठरवा, असें सांगितलें होतें. सल्ला खोटा नव्हता, त्यास थोडा गुणहि आला होता. परंतु हा झोंप न येणारा नव्हे, झोंपूं न मिळणारा माणूस. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २००७ सालीं रात्रपाळीची गणना ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गांत केली व २०१९ सालीं ती कायम ठेवली. मग व्यवस्थेचा जाच आहे तसा ठेवून एकेकट्यास तो सोसण्याची कला शिकविणें, याला उपचार म्हणावें काय? येथें विदुराचा प्रश्न उलट्या बाजूनें विचारावा लागतो: या माणसाची झोंप कोणीं घेतली?

हें आम्हीं भाडेकरूपाशीं काढलें. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला कीं, हा वाद त्यांच्या वर्गांतहि होतो. वडीलधाऱ्या बाई अशा रुग्णांसाठीं कारखान्याच्या डॉक्टरांस पत्र देतात, पाळी पुढच्या पुढें सरकत ठेवावी, मागें फिरवूं नये, असें लिहितात. कांहीं ठिकाणीं ऐकतात, कांहीं ठिकाणीं नाहीं. “पत्र पोंचेपर्यंत त्याला आजची रात्र काढायची असते काका, म्हणून पडदाहि सांगायचा.” उत्तर प्रामाणिक होतें, तें पुरेसें आहे असें आम्हांस वाटलें नाहीं, त्यासहि वाटलें नसावें. तरी पडदा सांगून पत्र न लिहिणारा व पत्र लिहून पडदा न सांगणारा, या दोघांपेक्षां दोन्ही करणारा उमेदवार आम्ही पसंत करूं. निदान झोंप न येणें व न मिळणें यांतला भेद त्यास स्वतःच्या वहींत दिसला आहे, तो विसरला जाऊं नये.

चौथ्या भेटींत त्या मुलीनें आणखी एक काम दिलें. संध्याकाळीं सहाच्या सुमारास, अंथरुणापासून दूर, एका कागदावर दोन रकाने आंखावयाचे: डावीकडे काळजी, उजवीकडे उद्यां तिच्यासाठीं करावयाची एक गोष्ट. डावीकडे आम्हीं ‘बहीण’ असें लिहिलें. तिनें तो कागद पाहिला. कोण, काय, कां, कांहीं विचारलें नाहीं. उजवा रकाना मोकळा होता, त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, “येथें कांहीं लिहितां येईल का, तें पाहावें.” विदुराच्या पुऱ्या आठ अध्यायांनीं आम्हांस जेवढें अडचणींत टाकलें नव्हतें, तेवढें या एका वाक्यानें टाकलें.

सातव्या आठवड्यापासून आम्हांस साडेसहा तास झोंप लागूं लागली, आणि ती आजपर्यंत टिकली आहे. झोंपेबरोबर टोंचणी निघून जाईल अशी जी भीति होती, ती खरी ठरली नाहीं. टोंचणी दिवसां आली. सकाळीं नऊ वाजतां, स्वच्छ डोक्यानें, चहा घेतांना आम्हांस दिसलें कीं, बहिणीचा वांटा परत करावयाच्या आड आपली झोंप कधींच आली नव्हती. तो द्यावा असें आम्हांस मनापासून वाटत नव्हतें, एवढेंच. रात्रीं हें कधीं दिसलें नाहीं. रात्रीं आम्ही स्वतःस फार उदार वाटत असूं.

त्यानंतर वकिलाची भेट झाली. हक्क एकदां सोडून दिल्यावर तो परत करावयाचा तर नवें बक्षीसपत्र करून नोंदवावें लागेल, असें त्यांनीं सांगितलें. घरांत मुलाची कुरकुर आहे. भाऊबीजेस बहीण आली होती. तिला आम्हीं कांहीं सांगितलें नाहीं. तिनें आमच्याकडे पाहून, दादा, तुझी तब्येत सुधारली, एवढें म्हटलें. गेल्या आठवड्यांत बक्षीसपत्राचा मसुदा आला आहे. त्यांत नांवें, गट नंबर, चतुःसीमा सर्व बरोबर आहे. क्षेत्रफळाचा रकाना वकिलांनीं आमच्यासाठीं मोकळा ठेवला आहे. तो आम्हीं अजून भरलेला नाहीं.